चिमूटबाबांची राख

सभागृह खच्चून भरलं होतं. व्यासपीठावर एका ड्रायव्हरनं दारूचा घोट घेतला आणि लालबुंद होऊन तिथंच ओकू लागला. बायकांनी हात जोडले.

"याच्या बायकोनं माझी राख गुपचूप चहात घातली," चिमूटबाबा म्हणाले. "आता दारूच याला लाथा घालते."

तिसऱ्या रांगेतल्या शिवणवाल्या वहिनीनं हात जोडले नाहीत. महिन्यापूर्वी तिनंही हेच मागितलं होतं: दारूचा थेंबही यांना सोसू नये. नवरा लाकडाला पॉलिश करायचा. राख सुरू झाली, पहिल्याच आठवड्यात तो गुत्त्यावरून ओकत आला आणि पिणं सुटलं. वहिनीला आभाळ ठेंगणं झालं.

मग तो कामावरून तसाच येऊ लागला. तोंड लाल, छातीत धडधड.

"चोरून पितोय," बाबांनी निकाल दिला. "राख दुप्पट कर."

"अगं, थेंब घेतला नाही," नवरा कळवळून सांगत होता. तिनं बाबांचं ऐकलं. चौथ्या दिवशी तो अर्धवट पॉलिश केलेल्या कपाटासमोर कोसळला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वहिनीकडची राखेची पुडी तपासून घेतली. "दारू सोडवायची गोळी वाटून राखेत मिसळली आहे. ही रोग्याला सांगून, हृदय तपासून देतात. पॉलिश कशात कालवतात हे?"

स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्येच; त्याची वाफ दिवसभर श्वासात. तेही धूळ बसू नये म्हणून दारं लावून. वहिनीला स्वतःची भयंकर चीड आली.

नवरा शुद्धीवर आल्यावर तिनं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला विचारलं असतंस, तर मीच घेतली असती गोळी. कामही बदललं असतं."

ते आठवून वहिनी आता उठली आणि थेट व्यासपीठावर गेली.

"बाबा, ही तुमचीच राख. चार दिवस खा आणि यांच्या कारखान्यात दारं लावून बसा."

"आम्ही दारू पीत नाही, बाई. आम्हाला कसली भीती?"

"हेही पीत नव्हते. मग घ्या की."

बाबांनी पुडीला हात लावला नाही. सेवकानं माईक बंद केला, तेव्हा तिनं तपासणीचा कागद आहे त्या आवाजात वाचला.

"राखेत गोळी आहे. चमत्कार नाही. औषध हवं तर डॉक्टरकडे जा, आणि ज्याच्या पोटात जायचं त्याला आधी विचारा. मी विचारलं नाही. माझा माणूस मरता मरता वाचला."

ड्रायव्हर तोंड पुसत बायकोकडे वळला. "मला का नाही विचारलंस?"

पर्समधली पुडी काढून तिनं त्याच्या हातात ठेवली.