सोक हेजूच्या नावाने तीस वाट्या

दक्षिण कोरियातल्या देगू शहराच्या सोमुन बाजारात तिला सगळे हेजूची आई म्हणत. कणीक लाटायची, घडी घालायची, सुरीने शेवया कापायच्या आणि सुक्या मासळीच्या उकळत्या रश्श्यात सोडायच्या, या चार कामांत तिची एकतीस वर्षं गेली. तेवढ्यावरच लेक मोठी झाली, शिकली आणि सोलला नोकरीला लागली. बाजार लेकीच्या नावाने हाक मारी, ती लेकीच्या नावाला ओ देई. त्यात काही उणं आहे असं तिला कधी वाटलं नाही.

त्या लेकीशी तिचं बोलणं बंद होऊन तीन दिवस झाले होते.

कारण झाले राष्ट्राध्यक्ष. त्यांनी एका रात्री अचानक लष्करी कायदा पुकारला. उजाडायच्या आत संसदेने तो मोडीत काढला, आणि आता यांच्यावर महाभियोग चालवा, यांना खुर्चीवरून उतरवा, म्हणत लाखो माणसं संसदेसमोर थंडीत बसली होती. हेजू त्यांच्यात होती.

"रस्त्यावर बसून देश चालत नसतो," आई फोनवर म्हणाली होती. "घराचं नाव घालवू नकोस."

"तुला नावाचीच पडलीय, आई. मला देशाची पडलीय."

"मग जेवायलाही देशाकडेच जा. इकडे फिरकू नकोस."

बोलून गेली खरी. नाव घालवू नकोस म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक. ती चौदा वर्षांची असताना असाच कायदा लागला होता. थोरल्या भावाचं नाव धरपकडीच्या एका यादीत निघालं. माणसं आली, त्यांनी यादी वाचली, भाऊ पायात चपला सरकवून त्यांच्यामागे गेला. वर्षाने परतला तो लंगडत, आणि पुढे आयुष्यभर कुणी मागून नाव घेऊन हाक मारली की दचकायचा. लेकीचं नाव कुठल्या यादीत येऊ नये, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण मनातलं मनात राहिलं आणि भलतंच तोंडातून निघून गेलं.

दुकानातल्या टीव्हीवर तेच चाललं होतं. बर्फ भुरभुरत होता, आणि पोरी अंगाभोवती थंडी अडवणारा चंदेरी कागद लपेटून रस्त्यावर बसल्या होत्या. डब्यात किंबापची, भाताची गुंडाळी कागदात बांधून द्यावी तशा. एकीच्या डोक्यावर बर्फाची टोपी झाली होती, तरी ती गात होती. हेजू नव्हती ती. पण कुणाची तरी हेजू होतीच.

"हेजूची आई, रस्सा उतू चाललाय!" समोरचा मोजेवाला इम दोकगू ओरडला.

तिने आच कमी केली. "दोकगू भाऊ, ही पोरं जेवतात कुठे हो?"

"त्यांची काळजी तुम्ही करू नका, चैन आहे त्यांची. ज्यांना जायला जमत नाही ते घरबसल्या तिथल्या दुकानात आधीच पैसे भरून ठेवतात. मोबाइलवर नकाशा असतो. कुठे कुणाच्या नावाने जेवण ठेवलंय ते पोरांना दिसतं, पोरं जातात, नाव सांगतात, खातात." दोकगूने नाक मुरडलं. "आपण ज्याला मत दिलं त्याला खाली ओढायला फुकटची न्याहारी! माझी पुतणीही त्यातलीच. घ्या, हे तिनेच माझ्या मोबाइलवर घातलंय."

तिने त्या नकाशातून शेवयांचं एक दुकान निवडलं. योइदोत, संसदेपासून दोन गल्ल्या अलीकडे. दोकगू गिऱ्हाइकात गुंतल्यावर तिने मागच्या बाजूला जाऊन फोन लावला.

"रश्श्यात मासळीची डोकी काढून घालता ना? कडू होतो नाहीतर. शेवया हाताच्या की यंत्राच्या? तीळकूट वरून की आधी?" असे सात प्रश्न विचारून झाल्यावर मालकीण हसत म्हणाली, "मावशी, परीक्षा झाली असेल तर सांगा, कुणाच्या नावाने ठेवू?"

कुणाच्या नावाने! आता जेवण कुणासाठी ठेवायचं, त्याचंच नाव सांगायचं ना? ती म्हणाली, "सोक हेजू."

"आणि किती वाट्या?"

हे सगळं महिनाभर तरी चालेल, असा तिने अंदाज बांधला. रोजची एक वाटी. खाणावळ लावावी तशी तिने लेकीची खाणावळ लावली. तीस वाट्या. भिशी नुकतीच लागली होती, त्यातून पैसे पाठवले. पोरीला नकाशात आपलं नाव दिसेल, जाऊन गरम काहीतरी खाईल. कुणी ठेवलं ते कळलं नाही तर उत्तमच. त्या दुपारी तिने कणीक मळताना कित्येक दिवसांनी आपल्या आईचं गाणं गुणगुणलं,

पिठाला पाणी किती, विचारावं हाताला
लेकीला भूक किती, विचारावं रस्त्याला

आठवड्याने, शुक्रवारी, दोकगू मोबाइल उंचावत धावत आला. "हेजूची आई! अहो, तुमच्या हेजूने काय मांडलंय हे! तीनशे वाट्या!"

"कसल्या तीनशे?"

त्याने वाचून दाखवलं. सोक हेजूच्या नावाने तीस वाट्या ठेवल्या होत्या त्या पहिल्याच सकाळी संपल्या. नकाशावरचं नाव खाणाऱ्याचं नसतं, देणाऱ्याचं असतं; तीस पोरांनी "सोक हेजू" म्हटलं आणि तीस पोरं जेवली. जेवून गेलेल्यांनी आभार लिहिले. ते वाचून बुसानच्या कुणा नर्सने लिहिलं, मला सुट्टी नाही, सोक हेजूच्या नावात माझ्याही दहा धरा. कुणा टॅक्सीवाल्याने पाच धरल्या, एका शाळेतल्या स्वैपाकघराने वीस. नावापुढचा आकडा वाढतच गेला होता. खाली ओळीने शेकडो निरोप होते. सोक हेजू, तू कोण आहेस माहीत नाही, पण हात गरम झाले. सोक हेजू, उद्याही भेटू.

"कालपासून बातमीतही आहे," दोकगू म्हणाला. "आता देशभर नाव झालं म्हणा की पोरीचं."

तिच्या हातातली सुरी पाटावर पडली. आपणच. स्वतःच्या तोंडाने आपणच पोरीचं नाव यादीत घातलं.

शनिवारी पहाटेच्या गाडीने ती सोलला निघाली. त्याच दिवशी संसदेत महाभियोगावर मतदान होतं. गाडीत निम्मे लोक तिकडेच चालले होते. शेजारची म्हातारी नातीची, गाण्यांच्या कार्यक्रमात हलवतात तसली लुकलुकणारी काठी मांडीवर घेऊन बसली होती आणि ती कशी पेटवायची ते शिकत होती.

योइदोची गल्ली माणसांनी तुडुंब होती. दुकान शोधावं लागलं नाही, रांगच दारापर्यंत घेऊन गेली. काचेवर मोठा कागद चिकटवला होता, त्यावर नावाची पट्टी वेगळी डकवलेली, 'सोक हेजू यांच्याकडून. या, बसा, खा.' आत एकेक जण काउंटरपाशी येई, "सोक हेजू!" म्हणे आणि वाटी घेऊन बसे. एका पोराच्या खांद्यावर झेंडा होता, त्यावर गमतीने लिहिलं होतं, 'मांजराने झोपू न दिलेल्यांची अखिल देश संघटना.' तोही खणखणीत म्हणाला, "सोक हेजू!"

रांग मोडून ती थेट आत शिरली.

"ओ मावशी, रांग आहे!" झेंडेवाला म्हणाला.

"मला खायचं नाहीये." ती काउंटरवर वाकली. "ते नाव काढा."

मालकीण बांग ओखी घामाघूम झाली होती; तिच्या गालाला पीठ लागलं होतं. आवाज ऐकून ती चमकली. "अगंबाई! सात प्रश्नवाल्या तुम्हीच ना? देगूच्या? सोक हेजू तुमची कोण? मुलगी? अहो ताई, पोरीने नाव काढलं हो तुमचं!"

"मी नाव काढायलाच आलेय. त्या काचेवरून."

मग तिथेच उभ्या उभ्या तिने सगळं सांगितलं. खाणावळ, तीस दिवस, यादी, भाऊ. ओखी आधी हसली, मग हसायची थांबली, मग ओला हात पुसून तिने हेजूच्या आईचा हात धरला.

"नाव लगेच काढते. पण ताई, कागद कोरा कसा ठेवू? कुणीतरी घरी बोलावलंय असं वाटलं तर पोरं बसतात. नावाशिवाय दिलं तर ते वाटप होतं, लाजतात, निघून जातात. दुसरं कुठलं तरी नाव द्या."

"तुमचं लिहा."

"मी पैसे घेतलेत, माझं कसं लिहू?"

बाहेर घोषणा चालली होती, समुद्राची भरती येते तशी आत येई आणि मागे जाई.

"मी त्यालाच मत दिलं होतं," ती हळूच म्हणाली, जणू उसनी भांडी लपवून ठेवल्याचं कबूल करत होती.

"मीसुद्धा. आख्ख्या गल्लीने दिलं." ओखीने शेवयांचा झारा आपटला. "मग जाब कोणी विचारायचा? ज्यांनी दिलंच नाही त्यांनी? आपणच विचारायला पाहिजे, ताई."

ती काचेपाशी गेली. 'सोक हेजू' ही पट्टी तिने नखाने हळूच सोडवली, फाटू न देता, आणि घडी घालून आतल्या खिशात ठेवली. ओखीने जाड पेन दिलं. बँकेत आणि दवाखान्यात सोडलं तर स्वतःचं नाव तिने कुठे लिहिलं नव्हतं, आणि लिहिण्यासारखं नाव होतं कुठे? चौथी मुलगी झाली तेव्हा आजोबांनी ठेवलेलं, माकसुन. शेवटची. आता पुरे, पुन्हा मुलगी नको, म्हणून. ते तिने, लग्नानंतरही न बदललेल्या माहेरच्या आडनावासकट, मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, ग्वाक माकसुन. मग जरा विचार करून खाली भर घातली, सोमुन बाजार, देगू. शोधत येणाऱ्याला पत्ता सापडलेला बरा.

झेंडेवाल्याने मोबाइलवर फोटो काढला आणि मान वर करून आरोळी दिली, "ऐका रे! सोक हेजूचं आता ग्वाक माकसुन झालंय! मागे सांगा!" रांगेतून नाव मागे मागे गेलं, गल्लीच्या वळणापलीकडे.

"ग्वाक माकसुन!" पहिली पोरगी आली. "ग्वाक माकसुन!" दुसरा. भाऊ दचकायचा तशी पहिल्या दोन हाकांना तीही दचकली. तिसरीला नाही. इतक्या जणांनी, इतक्या आनंदाने, ते नाव आजवर कधी घेतलं नव्हतं.

तेवढ्यात तिची नजर ओखीच्या पाटाकडे गेली. "हे काय? पोळी अशी जाड लाटतात? शेवया आहेत की दोरखंड?"

"दहा दिवस झोप नाही, ताई!"

"सरका." तिने बाह्या वर केल्या, ओखीचा एप्रन ओढून घेतला आणि दाराकडे पाठ करून उभी राहिली. कणीक जरा घट्ट होती. तिने पाण्याचा हात लावला. लाटणं फिरू लागलं, सुरी टक टक टक चालू लागली. मागून नावं येत राहिली आणि वाट्या जात राहिल्या. बाहेर लोक म्हणत होते, मतदान सुरू झालं. ओखीने टीव्हीचा आवाज वाढवला. संसदेत एकेक सदस्य उठून चिठ्ठी टाकायला चालला होता.

"ग्वाक माकसुन, दोन वाट्या!"

टक टक टक.

"ग्वाक माकसुन. तिखट जास्त चालेल!"

टक टक टक.

मग कुणीतरी काउंटरपाशी आलं, पण नाव काही आलं नाही. ओखी म्हणाली, "नाव सांगायचं, बाळ. काचेवर लिहिलंय बघ."

"ग्वाक," एक बसलेला, घोषणा देऊन देऊन घोगरा झालेला आवाज म्हणाला. आणि मग थांबत, "माक, हे अक्षर. सुन, हे अक्षर."

सुरी थांबली.

परक्याचं नाव कुणीही एका दमात घेतं. स्वतःच्या आईबापाचं इथल्या रिवाजात तसं घेत नाहीत. एकेक अक्षर सुटं करून, दोन्ही हातांनी भरलेली वाटी पुढे करावी तसं ठेवतात. त्या सबंध रांगेत, त्या सबंध शहरात, ते नाव असं घेणारं एकच माणूस होतं.

ती वळली नाही. वळली असती तर पीठ लागलेल्या हातांनी डोळे पुसावे लागले असते.

"माझ्या नावाने कोण जेवू घालतंय ते बघायला आले होते," मागचा आवाज म्हणाला. "आई, काचेवर तुझं नाव लिहिलंय."

"माहितीये. मीच लिहिलंय."

"फोटो निघालेत. सगळीकडे गेलेत. मामासारखं... तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की." तिने रश्श्यात मूठभर शेवया सोडल्या, जराशा जास्तच. "तुला वाटते?"

"हो."

"मग बस इथे, माझ्या शेजारी. मतमोजणी व्हायची आहे अजून, आणि शेवया उभ्याने खाल्ल्या की अंगी लागत नाहीत."