बारावा फोटो

मे महिन्यात माझा फोन माझा नसतो, हे दिवेआगरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तो पाहुण्यांचा असतो. समुद्र किती लांब, मासे ताजे मिळतील ना, कुत्रा आणला तर चालेल का, दिवसभर हेच. आणि अशा ऐन हंगामात शाळेतल्या क्रांती मॅडमना सुचलं, की मुलं सुट्टीत कंटाळतात, तर त्यांना फोटोंचा खेळ द्यावा. बारा गोष्टी शोधायच्या, प्रत्येकीचा एक फोटो काढायचा, सगळं आपल्याच घरात आणि आवारात. रविवारी दुपारी बाराच्या आत मॅडमना पाठवायचं. बाराच्या बारा हवेत, एक कमी पडला की बाद. जिंकेल त्याच्या हातात वर्षभर शाळेचा कॅमेरा. सहल असो की स्नेहसंमेलन, फोटो त्यानंच काढायचे.

आमची प्रणाली अकरा वर्षांची. तो कॅमेरा तिच्या डोक्यात असा बसला की जेवतानासुद्धा एक डोळा मिटून ताटाकडे बघायला लागली. मी आधीच बजावलं होतं, खेळायचं तर खेळ, माझा फोन मागायचा नाही. पण सिद्धेश, म्हणजे आमचे हे, उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. झोपाळ्यावर बसून म्हणाले, दे की तिला, चार दिवसांचा तर प्रश्न. स्वतःचा फोन दिला नाही. त्याचा कॅमेरा फुटलेला आहे म्हणे.

मग सुरू झाला गोंधळ. गोल वस्तू हवी म्हणून तिनं पाहुण्यांसाठी काढलेलं घावन उचललं, उजेड चांगला म्हणून अंगणात नेलं आणि कावळ्यानं ते पळवलं. फोटोत अर्धं घावन आणि एक पंख आलाय. आपल्यापेक्षा वयानं मोठी वस्तू म्हणून माझ्या सासऱ्यांचा अडकित्ता. हिरव्या रंगाच्या तीन छटा हव्या होत्या, तर केळीचं पान, कैरी आणि दोरीवर वाळत घातलेली, नाशिकहून उतरायला आलेल्या पाहुण्या काकांची पोहायची चड्डी. आईला राग आणणारी वस्तू तिनं आरशासमोर उभं राहून काढली. मला वाटलं, कार्टीनं स्वतःचाच फोटो काढला. नीट बघितलं तर मधोमध हातातला माझा फोन होता. मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

शनिवारी दुपारपर्यंत अकरा झाले. शेजारच्या कल्पिताच्या शुभमचे बारा झाले होते, ही बातमी कल्पितानं स्वतः कुंपणाशी येऊन दिली. तिच्याकडेही पाहुणे असतात. आम्ही दोघी एकमेकींशी गोड बोलतो आणि एकमेकींच्या अंगणातल्या गाड्या मोजतो.

मी नऊ माणसांची सुरमई साफ करत होते. प्रणाली येऊन शेजारी उकिडवी बसली.

"आई, आपल्या घरात माझा कोपरा कुठला?"

"सगळं घर तुझंच आहे," मी म्हटलं. हे उत्तर आयांच्या तोंडात तयारच असतं.

तिनं विचारलं, मग फोटो कशाचा काढू? बारावी गोष्ट तीच होती, घरातला माझा कोपरा. माझे हात रक्तानं भरलेले, वरून फोन वाजत होता. मी म्हटलं, डोकं खाऊ नकोस, जा, तीन नंबरात दोन टॉवेल देऊन ये.

आता हे तीन नंबर म्हणजे काय ते सांगायला हवं. वादळाच्या वर्षी आमची वाडी आडवी झाली. दोनशे सुपाऱ्या होत्या, अकरा उभ्या राहिल्या. नवीन लावल्या, पण त्या हाताशी यायला सहा-सात वर्षं जातात, तोवर काय सालं चघळायची? म्हणून मागे दोन खोल्या बांधल्या आणि पाहुणे घ्यायला लागलो. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गर्दी वाढली तेव्हा प्रणालीची खोली फक्त मे महिन्यापुरती घेतली. मग दिवाळीपुरती. मग नाताळ, मग शनिवार-रविवार. दारावर आकडा लागला. ती बिचारी आमच्याबरोबर माजघरात झोपते आणि तिचे कपडे माळ्याखालच्या बॅगेत असतात. आपल्याच घरात पोरगी बॅगेतून कपडे काढते, हे मला पाच वर्षं दिसत होतं आणि दिसत नव्हतं.

तर ती टॉवेल घेऊन गेली. नाशिकचे काका उताणे पडून घोरत होते, दार उघडंच होतं. हिनं टॉवेल खुर्चीवर ठेवले आणि दारातून फोटो काढला. त्या मेल्या फोनचा दिवा लखकन पेटला. काका दचकून उठले ते थेट स्वयंपाकघराच्या दाराशी, बनियनवर. झोपलेल्या माणसाचे फोटो काढतात म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांचं काय चुकलं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या पाहुण्यांसमोर मी पोरीला फाडफाड बोलले. लाज नाही, अक्कल नाही, पाहुण्यांच्या खोलीत तुझं काम काय?

ती रडली नाही. खाली बघून एवढंच म्हणाली, "तो माझा कोपरा होता."

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, तेवढा फोटो पुसून टाका हं वहिनी, आणि बाहेर जाऊन बसले. पुन्हा झोपायला काही गेले नाहीत.

मला वाईट वाटलं, पण मी कुठली कबूल करणार. उलट तोडगा काढला. म्हटलं, उद्या दहाला नाशिकचे जातील, पनवेलचे जेवायच्या वेळेला येतील. मधल्या वेळात जा, तुझं दप्तर मांड, पुस्तकं मांड, काढ फोटो. कुणाला कळतंय? प्रणाली म्हणाली, नको. मॅडमनी सांगितलंय, खोटा फोटो चालणार नाही. मी म्हटलं, अगं, मग बाद होशील. ती म्हणाली, होईन. आणि अंगणात जाऊन पाहुण्यांच्या मुलांना विहिरीतलं कासव दाखवायला लागली. कॅमेऱ्यासाठी चार दिवस जीव टाकणारी पोरगी ही. माझ्यासारखी भांडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी काकांचा फोटो पुसायला घेतला. तेव्हा तो पहिल्यांदा नीट बघितला. काका झोपलेत, तोंड उघडं. त्यांच्या मागे, उशीच्या जरा वर, भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा. दर वाढदिवसाला तिला भिंतीला टेकवून मीच मारायचे. दोन वर्षं, तीन, चार, पाच, सहा. सहावर संपल्या. त्यानंतर त्या भिंतीशी कायम कुणीतरी झोपलेलं असायचं. म्हणजे गेली पाच वर्षं माझी मुलगी किती वाढली ते मी मोजलंच नव्हतं. स्वतःचा असा राग आला की भाकरी करपली आणि त्याचा ठपकाही ह्यांच्यावर ठेवला.

रविवारी दहाला नाशिकची गाडी हलली. मी चादरी काढल्या, फरशी पुसली आणि पनवेलच्या बाईंना फोन लावला. म्हटलं, माफ करा, आमच्याकडे तीन नंबर उरलेली नाही, पण तुमची सोय शेजारी केली आहे, घर चांगलं आहे. मग कुंपणाशी जाऊन कल्पिताला हाक मारली आणि सांगितलं, एक गाडी तुझ्याकडे येतेय, माझीच आहे, नीट ठेव. पाच वर्षांत मी तिला एक पाहुणा दिला नव्हता. आपल्या हातानं आपलं नाक कापायचं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. कल्पिताच्या हातातली बादली तशीच राहिली. सिद्धेश झोपाळ्यावरून उतरले. माझा चेहरा बघितला आणि पक्कड आणायला गेले, दारावरचा आकडा काढायला.

प्रणालीला म्हटलं, ही तुझी. आज नाही, कायमची. दिवाळीलासुद्धा. तिला आधी खरंच वाटेना. मे महिना आहे, आई, असं मलाच समजवायला लागली. मी म्हटलं, मला महिने शिकवू नकोस, आधी भिंतीला टेकून उभी राहा. रेघ मारली. सहाची आणि अकराची यांच्यात माझी वीत दीडदा मावली. मग तिनं बॅग आत ओढली, माझा फोन घेतला आणि दार लावलं. पावणेबारा झाले होते.

बारावा फोटो मी नंतर पाहिला. त्यात खोली नाही, भिंत नाही, रेघा नाहीत. आतून लावलेली कडी आहे, बस्स.

मी बशीत कैरीच्या फोडी घेऊन दाराशी गेले. सवयीनं दार ढकललं, ते उघडलं नाही. मग पाहुण्यांच्या दारावर वाजवते तसं दोन बोटांनी वाजवलं.

"आत येऊ का?"

"थांब जरा," आतून आवाज आला.

मी थांबले. मे महिन्यात भर दुपारी मी कधी दोन मिनिटं नुसती उभी राहिलेली नाही. तेवढ्यात आत फोन वाजला आणि प्रणालीनं तो उचलला. माझ्याच चालीत, माझ्याच गोड आवाजात सगळं सांगितलं. समुद्र चालत पाच मिनिटं, मासे ताजे, कुत्रा अंगणात बांधावा लागेल. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"नाही हो," ती म्हणाली, "खोल्या दोनच आहेत. तिसरीत मी राहते."