टाकीवरची रेघ

मत्सराने राज्यं बुडवली आहेत, सख्ख्या भावांच्या हाती तलवारी दिल्या आहेत आणि भल्या माणसांची झोप उडवणारी याहून जुनी आग पृथ्वीवर दुसरी नाही. मिस्त्रींच्या घरी ही आग मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवर होती. लांबी साडेतीन फूट, रंग सोनेरी.

ती टाकी आत्ता मागच्या अंगणात, जुन्या रजईत गुंडाळून मिस्त्रींच्या मांडीवर होती आणि ते तिला तान्ह्या बाळासारखं हलवत होते. आत मोजून टाकलेले चाळीस नट खडखडत होते.

"हळू हो," स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको म्हणाली. "रेघेला काही होईल."

"नट आत आहेत. रेघ बाहेर आहे."

"मला कळतं ते. तुम्हाला कळतंय का, बघतेय."

मिस्त्रींनी अडतीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त केले होते. त्यांच्या लग्नात थोरल्या साडूंनी या जुन्या गाडीची टाकी रंगवून भेट दिली होती. साडू दुकानांच्या पाट्या रंगवायचे, म्हणून सगळे त्यांना पेंटरच म्हणत. गर्द लाल टाकी आणि तिच्या कडेने वळसा घालून गेलेली एक सोनेरी रेघ. पट्टी न लावता, एका श्वासात काढलेली. 'एका श्वासात' हे बायकोचे शब्द. ती तेव्हा समोर उभी होती आणि त्यानंतर एकतीस वर्षं ती हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.

या एकतीस वर्षांत मिस्त्रींनी गाडीचं इंजिन तीनदा उघडून पुन्हा बांधलं. ते कुणी बांधलं, असं एकाही माणसाने विचारलं नाही. टाकी कुणी रंगवली, हे मात्र पेट्रोल भरणाऱ्यापासून दाताच्या डॉक्टरापर्यंत सगळ्यांनी विचारलं. डॉक्टरांनी तर मिस्त्रींच्या तोंडात हत्यारं असताना विचारलं, त्यामुळे उत्तर बायकोने दिलं. रेघ पुसायला तिने एक मऊ कापड वेगळं ठेवलं होतं. मिस्त्री एकदा त्याने चष्मा पुसायला गेले, तर ते हातातून काढून घेण्यात आलं.

गुडघ्याच्या दुखण्यापायी गाडी आठ महिने उभी राहिली आणि टाकीला आतून गंज धरला. पेट्रोल चहासारखं दिसू लागलं. गॅरेजवाला म्हणाला, "ॲसिडने धुऊ. रंग जाईल, नवा मारून देतो."

सूचना मिस्त्रींना मनापासून आवडली. बायकोला नाही.

"भाऊजींच्या हाताला कंप सुटलाय," ती म्हणाली. "त्यांच्या सगळ्या पाट्या उतरवून लोकांनी छापील लावल्या. त्यांच्या हातचं आता एवढंच उरलंय."

मिस्त्रींचे पंप भंगारात गेले तेव्हा तिचा आवाज असा ओला झाला नव्हता. तरीही, रंगाला धक्का न लावता गंज काढायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. रंगावर मेण चोळलं, खालच्या नळाच्या भोकात रबरी बूच ठोकलं, नटांनी खपल्या सोडवल्या, नट बाहेर काढून मोजले आणि टाकी काठोकाठ व्हिनेगरने भरून दोन दिवस ठेवली.

रविवारी सकाळी ती रिकामी करायची होती. शहाण्या माणसाने ती वरच्या तोंडाने ओतली असती. पण पंपवाला जे भरलंय ते खालून सोडतो. अडतीस वर्षांची सवय. मिस्त्रींनी टाकी कुशीवर घेतली आणि खालचं बूच उपटलं. तांबडं पाणी उसळलं आणि लाल रंगावरून ओघळत सरळ सोनेरी रेघेकडे निघालं. तिथलं मेण तर बायकोने प्रेमाने पुसून पुसून केव्हाच काढलं होतं.

आता काहीच करायचं नव्हतं, एवढंच करायचं होतं. एकतीस वर्षांचा हिशेब आपोआप मिटत होता आणि दोष सवयीचा होता. पण मिस्त्रींचा हात त्यांना न विचारता गेला. नव्या पांढऱ्या शर्टाची बाही रेघेवर दाबली गेली आणि ओघळ तिने पिऊन टाकला. बाही कोपरापर्यंत तांबडी झाली. रेघ तशीच चमकत राहिली. मिस्त्रींनी स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि टाकी सोड्याच्या पाण्याने धुऊन वाळत ठेवली.

दुपारी पेंटर चहाला आले. टाकी बघताच त्यांनी थरथरतं बोट रेघेच्या वळणावर टेकवलं.

"अजून आहे," ते म्हणाले.

"काय आहे?"

"इथे हात हलला होता माझा. तुमची बायको 'दमलात का' म्हणाली, मी 'नाही' म्हणालो, आणि हलला. तुमच्याकडे आलो की आधी इथेच नजर जाते. म्हटलं, गंज काढताना जाईल तरी."

त्यांनी मिस्त्रींच्या तांबड्या बाहीकडे पाहिलं.

मिस्त्री वाकले. वळणावर रेघ केसभर फुगली होती. ती त्यांनी एकतीस वर्षं वैऱ्याच्या नजरेने पाहिली होती आणि हे त्यांना दिसलं नव्हतं. आता आनंद व्हायला हवा होता. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, पण तो काही आला नाही.

पेंटरांनी टॉर्च मागून घेतला आणि एक डोळा मिटून टाकीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आत तर नव्या भांड्यासारखं केलंत की."

"कोण बघतंय?"

"तेच तर. मला तुमचा कायम हेवा वाटायचा, साडू. चुकलं तरी झाकण लावलं की संपलं."

"पंपाचं तसं नसतं. चुकलं की लोक घरी येतात."

पेंटर हसले. टॉर्चचा उजेडही त्यांच्या हातात हसल्यासारखा हलला.

तेवढ्यात बायको बाहेर आली. तिने आधी रेघ पाहिली, मग माणसं.

"बघा, काही म्हणजे काही झालं नाही. उगाच नाही, एका श्वासात काढलेली आहे."

पेंटर जमिनीकडे पाहू लागले.

"एका श्वासात," मिस्त्री म्हणाले. "मीही आत्ता तेच म्हणत होतो."

"बरं झालं," म्हणत तिने स्वयंपाकघराच्या फडताळातला डबा दोघांच्या मध्ये ठेवला. "साखरेच्या डब्याचं झाकण अडकलंय. एकाने धरा, एकाने फिरवा."