खिळ्यावरची तार

मी धुरकोबा बोलतोय. दचकू नका, आग लागलेली नाही. धूर दिसला की माणसं आधी धावतात आणि मग विचारतात, याची मला सवय आहे.

मी म्हणजे स्टीलची एक नळी. उंची वीतभर, जाडी मनगटाएवढी. या घराच्या मागच्या व्हरांड्यात एक लाकडी पेटी आहे, तिच्या डाव्या अंगाला मला स्क्रूने बसवलंय. लाकडाचा भुसा माझ्या पोटात भरायचा, तो भडकू द्यायचा नाही, नुसता धुमसत ठेवायचा आणि त्याचा थंड धूर पेटीत सोडायचा, एवढंच माझं काम. पेटीतल्या जाळ्यांवर चीज असतं, लसणाचे गड्डे असतात, कधी जाडं मीठ, कधी बदाम. तीन-चार तासांत त्यांना धुराची चव लागते, पण ते शिजत नाहीत की वितळत नाहीत. म्हणून माझा हंगाम थंडीचा. उन्हाळ्यात पेटी तापते आणि चीज घामाघूम होतं.

माझा जन्म लेथवर झाला. माझे मालक कारखान्यात लेथ चालवायचे. केसाएवढा फरक बोटाने ओळखणारा माणूस. एका जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पाइपाचा उरलेला तुकडा घेतला, झाकण बसवलं, तळाशी पेटवण्यापुरतं भोक पाडलं आणि वरच्या बाजूला एक आडवी नळी जोडली. तो माझा गळा. गळ्यात पितळेची आणखी एक बारीक नळी आहे. तिच्यातून पंप हवा फुंकतो आणि ती हवा जाता जाता माझ्या पोटातला धूर ओढून नेते. पंप फिशटँकचा. टँकमधले मासे एकेक करून गेले आणि पंप बेकार झाला, तो माझ्या नशिबी आला.

मला घरी आणलं त्या दिवशी बाईंनी, म्हणजे मालकांच्या पत्नीने, कमरेवर हात ठेवून विचारलं, "हा कोण धुरकोबा आणलात दारात?"

तेच माझं बारसं.

"आणि एक सांगून ठेवते," त्या म्हणाल्या, "मासळी-बिसळी यात घालायची नाही. याच्यात काही शिजत नाही. उगाच सगळं घर आजारी पाडाल."

मालकांनी मान डोलावली आणि तो नियम आजवर पाळला.

पेटी केली दादांनी. दादा म्हणजे मालकांचे थोरले भाऊ, सुतार. त्यांचं दुकान इथून दोन बसस्टॉप पुढे. पेटीला एकही खिळा नाही, सगळे सांधे लाकडाचे. वर धूर बाहेर जायला झडप ठेवलीय. ती बसवून दादा म्हणाले, "धूर आत कोंडला तर चव कडू होईल. आलेल्या पाहुण्याला जायला वाट पाहिजे."

"मग तू का बसून राहतोस रे रात्रीच्या जेवणापर्यंत?" मालक म्हणाले.

"मी पाहुणा नाही, घरमालकाचा बाप आहे मी. तुला चड्डी घालायला मीच शिकवलंय."

भुसाही दादांचाच. सगळा भुसा मला चालत नाही. चीडाच्या लाकडात राळ असते, प्लायमध्ये गोंद असतो. दोन्हींचा धूर घशाला लागतो आणि पोटालाही वाईट. मला सफरचंदाचं लाकूड आवडतं, नाहीतर बीच नावाच्या परदेशी झाडाचं. दादा दुकानात असं लाकूड कापायला घेतलं की आधी मशीन पुसायचे, खाली वर्तमानपत्र अंथरायचे, पडलेला भुसा चाळायचे आणि उन्हात वाळवून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरायचे. दर शनिवारी दुपारी डबा घेऊन ते यायचे. फाटकाची कडी वाजली की बाई चहाचं आधण ठेवायच्या.

चहा होईस्तोवर दादा सरळ माझ्याकडे यायचे. पेटीमागे भिंतीत एक खिळा आहे. त्यावर एक वाकवलेली तार टांगलेली असायची. तिच्या टोकाला जुन्या निळ्या शर्टाची चिंधी बांधलेली. दादा ती तार माझ्या गळ्यात घालायचे, दोनदा फिरवायचे, बाहेर काढायचे. चिंधी काळी व्हायची. ते ती बदलायचे, तार खिळ्याला अडकवायचे आणि हात धुऊन चहाला बसायचे. याला दोन मिनिटंसुद्धा लागत नसत. त्याविषयी ते कधी एक शब्द बोलले नाहीत.

सांगायचं कारण असं की धुरात डांबर असतं. ते गळ्यात साचतं, वाट अरुंद होते, हवा कमी पडते आणि भुसा गुदमरतो. मग निळसर, पातळ धुराऐवजी पांढरा, दाट धूर निघतो. दिसायला तो भारदस्त असतो, पण चवीला कडू जहर.

मालकांना हे ठाऊक नव्हतं. ते कारखान्यातून शनिवारी उशिरा यायचे, तोवर चहाचा दुसरा कप चालू असायचा. ती तार त्यांनी शेकडो वेळा पाहिली असेल. काहीतरी टांगायला असेल, असं त्यांना वाटायचं. आपलं यंत्र कधी बिघडत नाही याचा मात्र त्यांना फार अभिमान होता. "तीन वर्षं झाली, हात लावावा लागला नाही!" असं ते आल्यागेल्याला सांगायचे. दादा समोर बसून बशीतला चहा फुंकत असायचे.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी दादा दुकानातल्या शिडीवरून घसरले. पाय प्लास्टरमध्ये गेला. मालक दर रविवारी त्यांना भेटून यायचे. भुसा मात्र चुकला नाही. दादा खुर्चीवर बसून चाळायचे आणि दुकानातला पॉलिशवाला डबा पोचवायचा. डबा यायचा, पण तार खिळ्यावरच राहायची.

थंडी लागली तशी माझ्याकडून खूप काम घेतलं गेलं. मालक निवृत्त होणार होते. शेवटच्या दिवशी सबंध खात्याला आपल्या हातचं धुरी दिलेलं चीज खाऊ घालायचं, असं त्यांच्या मनात होतं. मी रोज धुमसत होतो आणि माझा गळा रोज थोडा थोडा बुजत होता. धूर पांढरा व्हायला लागला. मालक बाईंना म्हणाले, "बघ, कसा दणदणीत धूर येतोय!"

मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्या गळ्यातून धुराशिवाय काही निघत नाही.

चीज धुरातून काढलं की लगेच खात नाहीत, तेव्हा ते उग्र लागतं. कागदात गुंडाळून पंधरा दिवस फ्रिजमध्ये ठेवलं की चव मुरते. या पंधरा दिवसांत कागद उघडायचा नाही, हा मालकांचा कडक नियम. साधा तुकडा मोडून चाखायचा नाही. बाईंनी विचारलंही, "एकदा बघू का?" तर म्हणे, "तीन वर्षांत कधी बघावं लागलंय?"

निरोपाच्या दिवशी पुड्या सगळ्यांसमोर उघडल्या. पुढचं मला मालक त्या संध्याकाळी बाईंना सांगत होते त्यावरून कळलं. दोघे-तिघे खिडकीशी जाऊन आले. शेवटी फोरमन म्हणाला, "भाऊ, राग मानू नका, पण जळकी काडी चघळल्यासारखं वाटतंय." पस्तीस वर्षांच्या नोकरीचा शेवट असा झाला.

मालक व्हरांड्यात आले, डब्यातला भुसा हुंगला आणि तिथूनच फोन लावला.

"दादा, प्लायचा भुसा पाठवलास तू."

पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही.

"मग पॉलिशवाल्याने मिसळला असेल! नाहीतर तुला दिसलं नसेल. वय झालं आता. सांगायचं होतंस, मी दुसरीकडून आणला असता. माझी शोभा झाली तिथे."

या वेळी पलीकडचा एकच शब्द मला ऐकू आला, "बरं."

प्लास्टर निघालं, पण दादा आले नाहीत. फाटकाची कडी शनिवारी वाजेनाशी झाली. दोन-तीन शनिवार बाईंनी आधण ठेवलं आणि उतरवलं. मला पेटीवरून काढून माळ्यावर टाकलं, जुन्या गादीच्या आणि मोडक्या पंख्याच्या मधे. तिथे मी उन्हाळा काढला, पावसाळा काढला. गळ्यातलं डांबर सुकून दगड झालं. खाली कोणी माझं नाव काढलं की मी कान टवकारायचो. माणसं एकमेकांवर रागावली की आधी वस्तू माळ्यावर टाकतात, हे मी तिथे बघितलं. पंखाही असाच आला होता.

पुन्हा थंडी आली. एका दुपारी बाई फोनवर बोलत होत्या, थोरल्या जाऊबाईंशी. फोन ठेवून त्या मालकांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, दादा दुकानात कामाला हात लावेनात म्हणे."

"पाय दुखत असेल."

"पाय ठीक आहे. वहिनी सांगत होत्या, भुशाची मूठ घेऊन खिडकीशी उभे राहतात. हुंगतात, डोळ्यांशी नेतात. म्हणतात, मला लाकूड ओळखू येईनासं झालंय, आता दुकान बंद केलेलं बरं. गिऱ्हाईक आलं तर परत पाठवतात."

मालकांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"मी चूक बोललो नव्हतो," ते म्हणाले. "सिद्ध करून दाखवतो."

मला माळ्यावरून उतरवलं. बाजारातून बीचच्या भुशाचं सीलबंद पाकीट आणलं. पेटीत चीजचे दोन तुकडे ठेवले. मी माझ्या परीने जोर लावला, पण गळाच बुजलेला. तोच पांढरा धूर. पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी सकाळी मालकांनी तुकडा तोंडात टाकला आणि तसाच बेसिनमध्ये थुंकला.

त्यांनी पाकीट उलटसुलट करून वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. शेवटी संशय माझ्यावर आला, मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

"भुसा तर नवा आहे," ते पुटपुटले. "म्हणजे दादाचा..."

"तार फिरवली होतीत ना?" बाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"कसली तार?"

बाई हात पुसत बाहेर आल्या. खिळ्यावरून तार काढून त्यांनी मालकांच्या हातात दिली. चिंधी अजून टोकाला होती, धुळीने भरलेली.

"ही. दादा दर शनिवारी आधी हेच करायचे, मग चहा. तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

"मला वाटलं तुम्हीच सांगितलं असेल त्यांना."

मालकांनी माझ्या गळ्यात करंगळी घातली. ती पेराच्याही पुढे जाईना. बाहेर काढली तेव्हा काळीभोर झाली होती. ते त्या बोटाकडे बघत पायरीवर बसले ते बसलेच.

"धुवा की," बाई म्हणाल्या.

"नको. याला आहे तसाच दादाकडे घेऊन जातो."

त्यांनी मला काढलं, पिशवीत घातलं, वर तार ठेवली. बसमध्ये त्यांनी मला मांडीवर धरलं होतं. शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला.

दादांच्या दुकानाला बाहेरून कुलूप नव्हतं, पण आत मशीन बंद. दादा खिडकीशी स्टुलावर बसले होते. मालकांनी मला बाकावर ठेवलं, शेजारी तार ठेवली. दादांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मला उचलून नाकाशी नेलं.

"हे कधीपासून साफ नाही केलंस?"

"तू पडलास तेव्हापासून."

"मला वाटलं, तू करत असशील."

"मला हे करतात हेच माहीत नव्हतं, दादा."

दादांनी मान वर केली. "तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

"लेथवर केसाएवढं चुकलं तर कळतं म्हणे तुला. आणि नाकासमोरचं डांबर दिसलं नाही?"

"नाही दिसलं." मालकांनी काळं बोट पुढे धरलं. "भुसा चांगला होता. सगळा चांगला होता. मी बाजारचा लावून बघितला, तोही कडूच. चुकलं माझं. तुला वयावरून बोललो."

दादा उठून पलीकडे गेले. तिथे फळीवर बिस्किटांचे डबे ओळीने लावलेले होते. मी मोजले, अकरा होते. एकेक उघडून त्यांनी बाकावर मांडला. प्रत्येकात चाळलेला भुसा.

"तू बोललास तेव्हापासून चाळतोय," ते म्हणाले. "बघत होतो, कुठे चुकलो. पहिले काही दिवस वाटलं, हा मूर्ख आहे. मग वाटलं, असेलही. नाक गेलं असेल माझं. परवा एकाचा दरवाजा परत पाठवला. म्हटलं, सागाच्या जागी दुसरंच काही लावून बसेन."

मालकांनी एका डब्यात हात घातला, मूठभर भुसा दादांसमोर धरला. "हे काय आहे?"

दादांनी वास घेतला नाही, बघितलंही फारसं नाही. "सफरचंद. आणि जरा ओला आहे, वाळवायला हवा." आपल्याच तोंडून पटकन उत्तर आलं याचं त्यांना नवल वाटलं असावं. डोळे पुसून ते खेकसले, "बघत काय बसलास? घे ती तार. गरम पाण्यात बुडव आधी. आणि जोर लावू नकोस, आतली पितळेची नळी वाकेल."

त्या दिवशी माझा गळा मालकांनी स्वतः साफ केला. अर्धा तास लागला, चार चिंध्या लागल्या. दादा बाजूला उभे राहून सूचना देत होते आणि एकही सूचना गोड शब्दांत नव्हती. पंपाची हवा पहिल्यांदा आरपार गेली तेव्हा मी शिट्टी वाजवली. दोघांनीही ती ऐकली.

आज मी पुन्हा माझ्या जागी आहे. अंग जरा काळवंडलंय, झाकण सैल झालंय, पण धूर निळा आहे, दोऱ्यासारखा बारीक. दादांचं दुकान चालू आहे, तो दरवाजाही त्यांनी परत मागवून बसवून दिला. शनिवारी कडी वाजते. तार आता मालक फिरवतात. दादा चहा घेत लांबून म्हणतात, "दोनदा फिरव, दोनदा," आणि मालक तीनदा फिरवतात.

माझी एक विनंती आहे. तुमच्या घरातलं एखादं यंत्र कधीच बिघडत नसेल, तर त्याच्या मागच्या भिंतीकडे एकदा बघून या. तिथे कोणाची तरी तार टांगलेली असेल. ती कोणाची आहे ते विचारा, तो माणूस चहाला समोर बसलेला असतानाच.

बस्स, आता झाकण लावा. भुसा पेटलाय.