सत्तेचाळीसावा रकाना

हौशीराम घोजगे आंबीहून सायकलने तळेगाव स्टेशनला यायचा आणि तिथून लोकलने देहूरोडच्या अलीकडे असलेल्या एका सरकारी भांडारात कामाला जायचा. भांडार म्हणजे रुळांच्या कडेची पत्र्याची पस्तीस गोदामं आणि त्यांत राबणारी एकोणीसशे माणसं. बहात्तर साली तिथे संगणक आला. अर्धी खोली व्यापणारं ते धूड चालवायला माणूस हवा होता. कारकुनांत गणिताला बरा म्हणून हौशीरामला सहा महिने शिकायला पाठवलं आणि तो प्रोग्रामर होऊन परतला.

परतला तो निराळ्याच चालीने. संगणकाच्या खोलीत थंड हवेचं यंत्र होतं, म्हणून तिथली माणसं स्वेटर घालत. हौशीराम तो एप्रिलच्या उन्हातही लोकलमध्ये अंगावर ठेवायचा. कुणी विचारलं, की उत्तर द्यायची संधी मिळायची. घामाने बनियन ओलं झालेलं असायचं, पण ते स्वेटरखाली दिसत नसे.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात मोठ्या साहेबांनी त्याच्यापुढे कागदांचा एक गठ्ठा ठेवला. भांडारातल्या दोनशे चौदा मजुरांच्या जन्मतारखेची जागा कोरी होती. ही डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं, शाळेचा दाखला कुठून आणणार? एका समितीने प्रत्येकाला समोर बसवून, विचारून विचारून, त्याचं जन्मसाल ठरवलं होतं. दिवस मात्र सगळ्यांना एकच दिला होता, एक जून. हे सगळं आता संगणकातल्या नोंदींवर चढवायचं होतं.

यंत्राला वाचता यावं म्हणून कार्डांवर भोकं पाडायचं, म्हणजे कार्डं पंच करायचं, काम नंदाबाईंचं. त्या तळेगावच्या, वयाने हौशीरामपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, आणि नोंदी साठवलेल्या टेपच्या कपाटाची किल्लीही त्यांच्याच कमरेला असायची. त्यांनी गठ्ठा हातात घेऊन अंदाज केला.

"माणशी एक कार्ड. दीड दिवसात होईल. लागू का कामाला?"

"हाताने करायचे दिवस गेले, नंदाताई," हौशीराम म्हणाला. "मी प्रोग्राम लिहितो. सगळी टेप एका दमात फिरेल, जिथे जन्मतारीख कोरी दिसेल तिथे यंत्रच भरेल."

"यंत्राला साल कुठून कळणार?"

याचाही विचार त्याने केला होता. नोकरीला लागल्याचं साल प्रत्येक नोंदीत होतंच. माणूस साधारण विसाव्या वर्षी नोकरीला लागतो. लागल्याच्या सालातून वीस वजा केले की झालं. समिती तीन महिने बसली होती तेच काम त्याने एका ओळीत उरकलं, आणि या गोष्टीचं त्याला मनातून फार कौतुक वाटलं. गठ्ठ्याची दोरी त्याने सोडलीसुद्धा नाही.

प्रोग्राम लिहायला त्याला आठ दिवस लागले. नंदाबाईंचा दीड दिवस वाचवायला आठ दिवस, हा हिशोब त्या वेळी त्याच्या डोक्यात आला नाही.

प्रोग्राम चालला आणि अकरा मिनिटांत टेप फिरून मोकळी झाली. आता तपासणी. नियम असा की छापून आलेल्या नोंदींतून पाच-पन्नास काढून जुन्याशी ताडून बघायच्या. हौशीरामने एकच बघितली, स्वतःची. त्याच्या जन्मतारखेला धक्का लागला नसेल, तर इतरांच्याही लागला नसणार, असं त्याचं तर्कशास्त्र. नोंद होती, एक जून एकोणपन्नास. अगदी बरोबर. शाळेत नाव घालताना आंबीच्या गुरुजींनी हीच तारीख टाकली होती, आणि एकोणसत्तर साली, बरोबर विसाव्या वर्षी, तो नोकरीला लागला होता.

भांडारात एकोणीसशे माणसं होती. चूक जिच्यात दिसू शकत नव्हती अशी नोंद त्याने नेमकी शोधून काढली.

चूक एका आकड्याची होती. जन्मतारखेची जागा शेहेचाळीसाव्या रकान्यापर्यंत होती, आणि ती कोरी आहे का हे बघताना त्याने लिहिला सत्तेचाळीस. हा रकाना पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून राखून ठेवलेला, सगळ्यांचाच रिकामा. यंत्राने एकोणीसशे वेळा बघितलं, एकोणीसशे वेळा कोरं दिसलं आणि एकोणीसशे जन्मतारखा त्याने इमानाने बदलल्या.

पुढच्या वर्षीच्या निवृत्तीची यादी निघाली. एरवी चाळीसेक नावं असायची. या खेपेला वर मथळा आणि खाली 'एकूण: शून्य'. हौशीरामला वाटलं, माणसं टिकून आहेत, साहेब खूश होतील. हरकती मागवण्यासाठी सगळ्यांच्या जन्मतारखांची यादी गोदामागोदामांवर चिकटवायचा रिवाज होता. तीही त्याने सही करून पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा आल्या झाडूकाम करणाऱ्या कस्तुराबाई. त्या आणि त्यांचा मुलगा भिमाजी बासष्ट साली एकाच भरतीत लागले होते.

"घोजगेसाहेब, मी आन माझा भिमा एकाच दिवशी जल्मलो म्हनं," त्या म्हणाल्या. "पोरं वाचून दाखिवत्यात न् हसत्यात. मंग ह्याला जल्म कुनी दिला ते बी लिवा."

हौशीरामने त्यांच्यापुढे यादी चाळली. एक जून. एक जून. पानामागून पान एक जून. स्वेटरच्या आत त्याला एकदम थंडी वाजली.

त्याने कस्तुराबाईंना "बघतो" म्हणून वाटेला लावलं, दार लोटलं आणि सबब शोधायला बसला. यंत्र तापलं म्हणावं का? वीज गेली होती म्हणावं? एवढ्यात हेडक्लार्क अंबाजी शेटे आत आले. ते एकतिसाव्या वर्षी नोकरीला लागलेले, म्हणजे रात्रीत अकरा वर्षांनी तरुण झालेले. त्यांनी मागे वळून दार नीट लावून घेतलं.

"यादी उत्तम झालीय, घोजगे," ते हळूच म्हणाले. "कुणी काही म्हणेल, पण उगाच हात लावू नका."

दुपारपर्यंत असे सतरा जण येऊन गेले. भांडारातल्या बऱ्याच लोकांनी नोकरी उशिरा धरली होती आणि त्यांना हा तरुणपणा मानवला होता. हौशीरामच्या मनात यायला लागलं की चूक लोकांना पसंत असेल, तर तिला चूक तरी कशाला म्हणायचं? तो हळूहळू स्वतःला पटवत आणत होता, तेवढ्यात दाराशी एक म्हातारा वहाणा काढून उभा राहिला. नऊ नंबरच्या गोदामातला कोंडू सावळा. लोणावळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी होती. चोवीस वर्षं तो खोकी उचलत आला होता.

"घोजगेसायेब कोन?"

"मीच. काय काम होतं, भाऊ?"

"यादीत माजं वय चवेचाळीस लिवलंय म्हनं."

"असेल. मग?"

"मला म्हातारा करा."

हौशीरामला हसू आलं. ते आवरून तो म्हणाला, "अहो, चौदा वर्षं नोकरी वाढली तुमची. लोक आनंदात आहेत."

"नोकरी वाढली, पर गुडगं तेच हायती," कोंडू म्हणाला. "ह्या सालाला सुटायचा व्हतो. बायाला सांगून ठिवलंय, औंदा नाचनीला मी घरी हाय. आता चौदा साल खोकी उचलाया मी कुटला जगतोय, सायेब?"

"तुमचं खरं वय कशावरून ठरवायचं?"

"ते ठरलंय की. सायबांनी घंटाभर बशिवलं मला, समदं इचारून लिवून घेतलं. त्या कागदात हाय." त्याने टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बघितलं. "तुमी वाचलाच आसंल."

दोरीची गाठ समितीने मारली होती तशीच होती.

कोंडू गेल्यावर त्याने ती सोडली. कोंडू सावळाचा कागद मध्यावर सापडला. 'वळवणच्या धरणाचं काम चालू असताना आई पाटी वाहत होती, हा तिच्या पाठीशी बांधलेला, दात येत होते.' पुढे साल, एकोणीसशे पंधरा. दुसऱ्या कागदावर नवशा नावाच्या मजुराचं वय त्याच्या थोरल्या बहिणीच्या, हिरीच्या, लग्नावरून लावलं होतं. कुणाचं मोठ्या तापाच्या साथीवरून. तीन महिने समितीने हे असं ओढून ओढून काढलं होतं, आणि हौशीरामने सगळ्यांना सरसकट विसाव्या वर्षी कामाला लावलं होतं. त्याने गठ्ठा बांधला, स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि साहेबांकडे गेला.

"सर, नोंदी बिघडल्यात. माझ्या हातून."

"किती?"

"सगळ्या."

"सगळ्या म्हणजे?"

"तुमचीसुद्धा, सर. तुम्ही सध्या अठ्ठावीस वर्षांचे आहात."

साहेबांना टक्कल होतं आणि थोरला मुलगा कॉलेजात होता. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "बदलायच्या आधीची जुनी टेप आहे का?"

ते हौशीरामला ठाऊक नव्हतं. गेल्या आठवड्यात त्यानेच नंदाबाईंना ती टेप दुसऱ्या कामाला मोकळी करायला सांगितली होती. जिन्यावरून तो जवळजवळ पळतच खाली आला.

"नंदाताई, ती जुनी टेप पुसली का हो?"

"नाही," नंदाबाई म्हणाल्या. त्यांनी कपाट उघडलं. "तुम्ही सांगितलं खरं, पण नियम तीन आठवड्यांचा आहे. आणि तुमचा प्रोग्राम नवीन होता."

एवढंच. हौशीरामने याहून जास्त बोलणी खायची तयारी केली होती, ती तशीच राहिली.

संध्याकाळपर्यंत लोकांची वयं परत आली. अंबाजी शेट्यांनी त्याच्याशी महिनाभर बोलणं टाकलं. मग दीड दिवस नंदाबाई कार्डं पंच करत होत्या आणि हौशीराम शेजारी स्टुलावर बसून एकेक कागद वाचून दाखवत होता. त्याचा प्रोग्राम वाया गेला नाही. त्यातून वीस वजा करायची ओळ गेली, रकाना सुधारला आणि तो आता प्रत्येक माणसाचं कार्ड वाचून त्याच माणसाची नोंद बदलू लागला. दोनशे चौदा नोंदी चार मिनिटांत झाल्या. या वेळी त्याने सगळ्याच ताडून बघितल्या. स्वतःची तेवढी बघितली नाही.

त्याला मेमो मिळाला. त्याचं उत्तर त्याने तीन पानी लिहिलं. साहेबांनी त्यातलं यंत्राच्या रचनेबद्दलची अडीच पानं खोडली आणि 'मी कागद वाचले नाहीत' हे वाक्य ठेवलं.

कोंडू सावळा त्याच महिन्याच्या अखेरीला सुटला. नऊ नंबरच्या लोकांनी त्याला नारळ आणि टोपी दिली. हौशीराम त्याला स्टेशनपर्यंत पोचवायला गेला. वाटेत कोंडू त्याला वाडीवर कसं यायचं ते सांगत होता, कुठला ओढा ओलांडायचा, कुठे डावीकडे वळायचं. हौशीरामने ते खिशातल्या कोऱ्या कार्डावर लिहून घेतलं आणि मग, लोणावळ्याची गाडी लागायच्या आत, कोंडूला पहिल्यापासून वाचून दाखवलं.

"दुसरा वढा," कोंडू म्हणाला. "पैला न्हाई."

हौशीरामने खोडून दुसरा लिहिला.