चुकून लागलेलं कोपर

अरुंधती पोहे घेऊन बाहेर आली. टीव्हीसमोर तिचा नवरा निशांत आणि शेजारचा बंटी सकाळीच पेटले होते. फुटबॉल वर्ल्डकपच्या मॅचमध्ये एकाचं कोपर दुसऱ्याच्या तोंडात बसलं आणि रेफरीने लाल कार्ड काढलं.

"चुकून लागलं यार! बाहेर कशाला काढायचं?" निशांत ओरडला.

"दात पाडला ना भिया, जाऊ दे घरी!" बंटी खिदळला.

निशांतने त्याची कॉलर धरली. बंटीने ठोसा हाणला. अरुंधती मागे उभ्या चिमुकल्या उर्वीला उचलायला धावली, तोच निशांतचं मागे आलेलं कोपर लेकीच्या तोंडावर आदळलं. ओठ फाटला, रक्ताने माखलेला दुधाचा दात फरशीवर पडला.

"मुद्दाम नाही गं मारलं..."

लेकीला छातीशी धरून अरुंधतीने दार उघडलं.

"रक्त आलंय. दोघंही बाहेर."