लाल टोपणाची नळी

त्या शनिवारी सकाळी दहा वाजता माझ्या पोटात सहा नळ्या होत्या. तीन जांभळ्या टोपणाच्या, दोन करड्या, एक लाल. सोबत बारा भोकांचा फोमचा स्टँड आणि गोठवलेल्या जेलच्या दोन पिशव्या. आतलं तापमान आठ अंश, बाहेरचं एक्केचाळीस.

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. घरोघरचे रक्ताचे नमुने लॅबपर्यंत नेणारा, निळ्या प्लास्टिकचा, सायकलच्या कॅरिअरला दोन पट्ट्यांनी बांधलेला. माझा जन्म साच्यात झाला. त्या दिवशी माझ्यासारखे सातशे निघाले. बहुतेकांच्या वाट्याला आइस्क्रीम आलं, माझ्या वाट्याला रक्त.

पहिली सहा वर्षं मी ईश्वरदासजींकडे होतो. ते आधी उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे. माग बंद पडला आणि ते सीताबर्डीच्या आमच्या लहानशा लॅबमध्ये लागले. रस्ता त्यांनाही सोडत नव्हता. बसवाले घासून जायचे, पोरं कानाजवळ येऊन हॉर्न दाबायची. एकानं तर चालत्या गाडीवरून त्यांच्या डोक्यात टपली मारली. ईश्वरदासजी ब्रेक दाबत, मागे हात नेऊन माझं झाकण चाचपत आणि मगच पुढे निघत.

त्यांच्या हाताखाली शिकायला आलेल्या वैभवला ते म्हणाले होते, "मागावर हात चिडला का धागा तुटते. इथं धागा दिसत नाही, एवढाच फरक."

"अन् समोरचा मारून गेला तर?"

"जाऊ दे ना गा त्याले. नळ्या त्याच्याजवळ हायत का तुह्याजवळ?"

"डबा वाहून वाहून तुमचंच रक्त थंड झालं, काका," वैभव हसला.

ईश्वरदासजी घरी बसले आणि मी वैभवकडे आलो. नस शोधण्यात त्याचा हात त्यांच्याहून चांगला होता. लॅबमध्ये त्याचं कौतुक व्हायचं. रस्त्यावर मात्र तो कुणाचं काही राहू देत नसे. एका महिन्यात मी त्याची अकरा भांडणं मोजली. दोनांत तो चुकला होता, नऊंत त्याचं बरोबर होतं. त्या नऊंतूनही त्याला काही मिळालं नाही.

तर, त्या शनिवारची लाल टोपणाची नळी धरमपेठेतल्या गोदूबाईंची होती. वय एकाहत्तर, दोन्ही मूत्रपिंडं थकलेली. त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम मोजायचं होतं. ते साडेतीन ते पाचच्या दरम्यान असावं लागतं. सहाच्या वर धोका. सातच्या वर हृदय कधीही थांबू शकतं. एक वाजेपर्यंत आकडा कळला तर डॉक्टर त्याच दिवशी डायलिसिसची पाळी देणार होते. नाही तर केंद्र सोमवारी उघडणार.

वैभवला तिसऱ्यांदा टोचल्यावर नस सापडली. गोदूबाईंची सून भारती बाजूला उभी होती.

"सांभाळून न्या, दादा. आईच्या हातावर आता जागा नाही राहिली."

"अर्ध्या तासात पोचवतो, वहिनी. तुम्ही काहून घाबरून राहिल्या?"

उन्हाळ्यात आपल्याकडे सिग्नलवर हिरवी जाळी बांधतात. लोक पांढऱ्या रेषेपर्यंत जात नाहीत, अलीकडे सावलीतच थांबतात. वैभवही थांबला, माझ्यासाठीच. मागची पांढरी गाडी उन्हात राहिली. तिच्यात एसी चालू होता, तरी तिला सावली हवी होती. काच खाली आली.

"ए डब्बेवाले, सरक ना बे पुढं."

"पुढं ऊन हाय."

"मंग? वितळते का तू?"

सिग्नल हिरवा झाला. गाडी शेजारून जाताना चालकानं तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा वैभवच्या खांद्यावर थुंकला. थोडा माझ्या झाकणावर पडला. काच वर गेली.

लॅब सरळ होती. गाडी डावीकडे वळली. वैभवही डावीकडे वळला.

अडीच किलोमीटर, सात गतिरोधक. चौथ्यावर लाल नळी स्टँडमधून उडाली आणि गोठलेल्या पिशवीला चिकटली. पुढच्या चौकात गाडी कोंडीत अडकली. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून वैभवनं सायकल आडवी टाकली. आधी मी आपटलो.

"उतर. उतर म्हणतो ना बे."

चालक उतरला नाही. त्यानं अर्धी काच उघडून मोबाइल बाहेर धरला. "हां, बोल. थोबाड नीट दाखव. सारं नागपूर पाहीन तुले."

वैभवनं गाडीचा बाजूचा आरसा पिळला. कोंडी सुटली, गाडी गेली.

लॅबमध्ये नमुने तपासणाऱ्या मुग्धा मॅडमनी नळी यंत्रात फिरवली. रक्तपेशी तळाशी बसल्या की वरचं पाणी फिकट पिवळं दिसतं. ते डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. पोटॅशियम पेशींच्या आत साठलेलं असतं. आपटून किंवा गोठून पेशी फुटल्या की ते बाहेर येतं, आणि मग आलेला आकडा खरा धरता येत नाही.

"रक्त फुटलंय. डबा पडला का?"

"नाही, मॅडम."

"वैभव, पडला का?"

"नाही म्हटलं ना."

त्यांनी लिहिलं: नमुना बाद, पुन्हा घ्यावा.

बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही परत धरमपेठेत होतो. भारतीनं त्याच्या खांद्याकडे पाहिलं. "हे काय लागलं, दादा?"

"काही नाही. लॅबची मशीन बिघडली, वहिनी. पुन्हा घ्यावं लागते."

गोदूबाईंनी स्वतःच हात पुढे केला. "घे, बाबा. मशीनले कोण काय करते."

हातांवर चार वेळा टोचलं, पावलावर दोन वेळा. शेवटच्या वेळी रक्त आलं, तेव्हा एक वाजायला पाच मिनिटं कमी होती. वैभव नळीवर नाव लिहीत असताना भारतीनं डॉक्टरांना फोन लावला. आकडा नाही तर पाळी नाही, सोमवारी या, असं उत्तर आलं.

मित्रांनो, माझ्या प्लास्टिकच्या अंगाला राग येत नाही, म्हणून मला हे सांगणं सोपं आहे. तुम्हाला येईल. येऊ द्या. पण थुंकणाऱ्याच्या मागे वळू नका. त्याच्या गाडीचा नंबरही पाहू नका. शर्ट धुता येतो. जिथे निघालात तिथे कुणीतरी तुमची वाट पाहत असतं, तिकडेच जा.

दुसऱ्या नळीतलं पाणी पिवळं आणि स्वच्छ निघालं. मुग्धा मॅडमनी दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी नोंद केली. पोटॅशियम ७.३.